खुर्च्यांची मिरवणूक

बैठकरावांचा हुद्दा कागदोपत्री 'तपासनीस' असा होता, पण काम म्हणाल तर बसायचं. खुर्च्यांच्या कारखान्यात तयार झालेली प्रत्येक खुर्ची त्यांच्यापुढे येई. ते तिच्यावर आधी सरळ बसत, मग रेलून बसत, मग एका बाजूला कलून बसत, डोळे मिटून सांध्यांचा आवाज ऐकत आणि समाधान झालं की पाठीमागे 'पास'चा शिक्का मारत. लोकांना यातले कष्ट दिसत नसत. "तुमचे मिस्टर काय करतात हो?" असं कुणी विचारलं की त्यांची बायको क्षणभर थांबे आणि "कारखान्यात असतात" एवढ्यावर भागवी. घरात मात्र तिचं वाक्य ठरलेलं होतं, "दिवसभर बसून आलात ना? मग आता जरा उठा आणि पाणी भरा." बैठकराव हे नाव कारखान्यातल्याच कुणीतरी ठेवलेलं. ते इतकं चिकटलं होतं की खऱ्या नावाने हाक आली तर ते मागे वळून कोण आहे बघत.

कारखान्याला एकच रोग होता. त्याच्या खुर्च्या मोडत नसत. भरीव लाकडाचा सांगाडा, वर हाताने विणलेली वेताची बैठक. एकदा घेतली की गिऱ्हाईक जन्मभर पुन्हा फिरकत नसे. गावातल्या ज्यांना घ्यायच्या होत्या त्यांच्या कधीच घेऊन झाल्या होत्या. नव्या लोकांनी प्लास्टिकच्या, एकीत एक रचता येणाऱ्या खुर्च्या घेतल्या. त्या मोडल्या की ते पुन्हा तशाच घेत आणि वर आनंदात असत. मोडणं हा धंद्याला इतका आवश्यक गुण असतो हे मोठ्या मालकांना शेवटपर्यंत समजलं नाही. ते गेल्यावर त्यांची मुलगी कारखाना बघू लागली. वयाने बहुतेकांपेक्षा लहान, पण सगळे तिला ताईच म्हणत.

एका सकाळी ताईंनी सगळ्यांना विणकामाच्या खोलीत बोलावलं. कारखाना खुर्च्यांचा, पण त्या दिवशी कुणी बसलं नाही.

"गोदामं बांधणारा एक माणूस आपली जागा मागतोय," ताई म्हणाल्या. "मी अजून हो म्हटलेलं नाही. पण नाही म्हणायला माझ्याकडे कारणच उरलेलं नाही. तुमचं सगळ्यांचं नीट लावल्याशिवाय काही करणार नाही, एवढं नक्की." एवढं बोलून त्या खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं असल्यासारख्या तिकडे बघत राहिल्या. बाहेर नुसती भिंत होती.

पॉलिशवाला खोकला. वेत विणणाऱ्या मावशी, म्हणजे सगळ्यांच्या वेतमावशी, नाकात बोलल्या, "मग आम्ही काय करायचं ते तरी सांगा."

आणि तेवढ्यात बैठकराव म्हणाले, "सिनेमा काढू."

कोण बोललं म्हणून सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. बैठकरावांनीही पाहिलं. पण तोंडातून निघून गेलं होतं, आता निभावणं भाग होतं. खरं तर त्यांच्या डोक्यात आदल्या दिवशीची बायको होती. कुणीतरी जुन्या भांड्यावरचा गंज घासून काढतोय असा व्हिडिओ ती फोनवर इतकी रंगून बघत होती की शेगडीवरचं दूध उतू गेलं. "लोक गंज निघताना बघतात, ताई," ते म्हणाले. "मग खुर्ची होताना का नाही बघणार? आपलाच सिनेमा काढू. विनोदी. कारखाना बुडतोय आणि कारखान्यातली माणसं तो वाचवतात असा."

ताई हसल्या. मोठे मालक गेल्यापासून त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते हसू म्हणजे मंजुरीच आहे असं सगळ्यांनी धरून टाकलं. "काढा," त्या म्हणाल्या. "त्या माणसाला महिनाअखेर उत्तर द्यायचंय. तोवर काय करायचं ते करा."

बैठकरावांनी संध्याकाळी घरी येऊन लिहायला घेतलं, आणि इमारतीला सुगावा लागला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर विनानिमंत्रण खाली आले. "कथेत संघर्ष हवा," ते म्हणाले. "कारखान्याला आग लावा."

"खरी?"

"आग खोटी चालेल. धूर मात्र खरा पाहिजे, नाहीतर प्रेक्षक ओळखतात."

शेजारच्या काकूंचं म्हणणं पडलं की शेवटी दोघातिघांची लग्नं लावावीत, बघणाऱ्याला बरं वाटतं. बायकोने एवढंच विचारलं, "तुम्ही स्वतः त्यात दिसणार? मग आधी केस कापून या."

दिसणार तर होतेच. कथेचा नायक 'एक कर्तबगार, मितभाषी तपासनीस' होता. या मितभाषी माणसाला बैठकरावांनी पानपानभर भाषणं दिली होती. वेतमावशींनी कागद उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "यात माझं वाक्य कुठंय?"

"तुम्ही वेत विणताना दिसता."

"जन्मभर विणतानाच दिसतेय मी. मला बोलायचंय. मी मालकीण होणार."

"मालकीण ताई आहेत ना, मावशी."

"त्या रोजच्या आहेत. सिनेमात मी."

ताईंनी ते हसत मान्य केलं आणि गिऱ्हाइकाचं काम स्वतःकडे घेतलं. "हल्ली कारखान्यात गिऱ्हाईक बघितलंच नाहीये," त्या म्हणाल्या, "निदान होऊन बघते."

कॅमेऱ्यासाठी गावातला शूटिंगवाला ठरला. हा माणूस आयुष्यभर फक्त लग्नं टिपत आलेला. पहिल्याच दिवशी दिवे लावून झाल्यावर त्याने विचारलं, "मुलीकडचे कुठून येणार?" मुलीकडचं कुणी नाही हे कळल्यावर तो थोडा खचला. सवय मोठी वाईट. रंगात आलेल्या सुताराला तो मधेच ओरडे, "मामा, इकडे बघा, हसा, छान!" आणि सुतार रंधा सोडून, दात दाखवून, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राही. "यांनी इकडे बघायचं नाहीये," असं बैठकराव कळकळीने सांगत. "मग मला बोलावलंत कशाला?" असा शूटिंगवाल्याचा प्रश्न असे.

मग नायकाचा प्रवेश आला. कर्तबगार तपासनीस खोलीत येतो, नवी खुर्ची बघतो आणि तिच्यावर बसतो. एवढंच.

"सहज बसा," शूटिंगवाला म्हणाला.

बैठकरावांना सहज बसता येईना. आयुष्य या एका कामात गेलं होतं, आणि आता कंबर खाली नेता नेता त्यांना विचार पडला की बसताना माणूस हातांचं काय करतो? आधी गुडघे वाकतात की मान? एकदा ते खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले आणि घसरले. एकदा इतक्या हळू बसले की शूटिंगवाल्याला वाटलं, त्यांच्या पाठीत उसण भरलीय. एकदा नीट बसले, पण बसल्यावर चेहऱ्यावर असा काही विजय उमटला की वेतमावशींना हसू आवरेना. शेवटी शूटिंगवाला मऊ आवाजात म्हणाला, "असं करू, हे दुसरं कुणीतरी करून बघू." पॉलिशवाला हात पुसत आला, खुर्चीवर बसला आणि पाय लांब केले. असा बसला की जणू त्याच्या तीन पिढ्या याच खुर्चीत वाढल्या असाव्यात. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. ताईसुद्धा म्हणाल्या, "वा!"

"मी एकूण देखरेखीकडे लक्ष देतो," बैठकराव म्हणाले आणि देखरेख करायला कारखान्याच्या मागच्या अंगणात एकटेच जाऊन उभे राहिले.

घरी त्यांनी ताट पुढे ओढलं आणि तसंच ठेवलं. बायकोने वाट पाहिली. मग विचारलं, "काय झालं?"

"पॉलिशवाला बसला."

"कुठे?"

"माझ्या जागी."

तिने पाठ फिरवून फडताळात काहीतरी शोधायला घेतलं. तिचे खांदे हलताना दिसले, पण वळली तेव्हा चेहरा सरळ होता. ती समोर येऊन बसली. "मला मागणी घालायला आमच्या घरी आला होतात ना," ती म्हणाली, "तेव्हाही तुम्हाला बसता येत नव्हतं. खुर्चीच्या टोकावर टेकला होतात. बाबा नंतर म्हणाले, हा कुठल्याही क्षणी पळून जाईल. मी म्हटलं, नाही बाबा, आपली खुर्ची डुगडुगतेय हे याच्या लक्षात आलंय. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून हा जपून बसलाय."

बैठकरावांना ती खुर्ची आठवली. मागचा डावा पाय आखूड होता. "तुला कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"म्हणून तर हो म्हटलं. जेवा आता."

ते जेवले. वर थोडं मागूनही घेतलं.

सिनेमाचा शेवट मात्र त्यांनी सोडला नाही. शेवटच्या प्रवेशात कारखान्याची सगळी माणसं मुख्य रस्त्यावर खुर्च्या मांडून बसतात आणि गाव थबकून बघतं, असं दृश्य होतं. त्यासाठी परवानगी हवी, म्हणून ते नगरपालिकेत गेले.

"रस्त्यावर येण्याचा उद्देश?" कारकुनाने विचारलं.

"बसणे."

"म्हणजे आंदोलन. कशाच्या विरोधात?"

"कशाच्याच नाही."

कारकून त्रासला. "विरोध असला म्हणजे मला परवानगी नाकारता तरी येते. तुम्ही मला काही धरायलाच देत नाही. बरं, खुर्च्या रिकाम्या असतील की भरलेल्या?"

"आधी रिकाम्या, मग भरलेल्या."

"रिकामी खुर्ची म्हणजे अतिक्रमण. भरलेली म्हणजे जमाव. तुम्ही एका सकाळी दोन्ही करणार." त्याने बराच वेळ छताकडे बघून विचार केला. माणूस मुळात वाईट नव्हता. नियमांच्या जंगलातून या अवघडलेल्या गृहस्थाला बाहेर काढायची त्याचीही इच्छा होती. "एक करता येईल. तुम्हाला मिरवणुकीत घालतो. मिरवणुकीला आमची हरकत नसते. कुणाचा सत्कार?"

"खुर्चीचा," बैठकराव हताशपणे म्हणाले.

"तो तर सगळेच करतात," असं म्हणून कारकुनाने सही ठोकली.

ठरल्या दिवशी सकाळी सगळे चौकात जमले. वेतमावशी मालकिणीच्या थाटात आल्या होत्या आणि मालकीण खुर्ची उचलत नाही असं त्यांनी आल्याआल्याच जाहीर केलं. खुर्च्या मांडून झाल्या, शूटिंगवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला, तेवढ्यात चौकातल्या पोलिसाने परवानगीचा कागद मागून घेतला आणि सावकाश वाचला.

"यात मिरवणूक म्हटलंय," तो म्हणाला. "चला मग."

"आम्हाला फक्त दोन मिनिटं बसायचंय हो."

"बसलेली मिरवणूक मी आजवरच्या नोकरीत पाहिलेली नाही. मिरवणूक म्हटली की चालली पाहिजे. थांबलात तर कागद रद्द."

बैठकरावांनी हात जोडले, हेडमास्तरांनी गर्दीतून येऊन 'मिरवणूक' या शब्दाची फोड करून सांगितली, पण पोलीस हलेना. शेवटी तडजोड झाली. सगळ्यांनी बसायचं, बसल्यासारखं झालं की उठायचं, खुर्च्या उचलून थोडं पुढे जायचं, आणि पुन्हा बसायचं. गाव त्या दिवशी खरोखरच थबकून बघत राहिलं. मोठी माणसं आपापली खुर्ची डोक्यावर घेऊन गंभीर चेहऱ्याने येताहेत, टेकताहेत, लगेच दचकल्यासारखी उठताहेत आणि पुढे निघताहेत. शूटिंगवाल्याला मात्र इतक्या दिवसांनी सूर सापडला. मिरवणुकीपुढे उलटं चालत शूटिंग करणं हा त्याचा हातखंडा. "कुणीतरी नाचा ना!" असं ओरडत तो मागे मागे जात राहिला आणि तसाच न्हाव्याच्या दुकानात शिरून रिकाम्या खुर्चीत बसला. "दाढी की केस?" न्हाव्याने विचारलं.

बैठकराव सगळ्यांच्या मागे चालले होते. त्यांना वाटलं, झालं. गावभर हसं झालं. मोठे मालक असते तर त्यांनी काय म्हटलं असतं? ताईंच्या तोंडाकडे बघायचा धीर झाला नसता. गिऱ्हाइकाचं काम कारखान्यातच होतं म्हणून त्या मागे राहिल्या होत्या, एवढंच नशीब.

शिंप्याच्या दुकानाशी मिरवणूक टेकली, तेव्हा म्हातारा शिंपी चष्मा कपाळावर सारून बाहेर आला. "ही कारखान्याची खुर्ची ना? माझ्याकडे आहे की." तो आत गेला आणि स्वतःची खुर्ची घेऊन आला. लाकूड काळंभोर, गुळगुळीत झालेलं. वेत मात्र मधोमध फाटलेला आणि वर उशी टाकलेली. "लाकडाला काही झालेलं नाही. बैठक तेवढी गेली. हे कुणी विणून देतं का? मला वाटलं, आता कुणी करत नसेल."

वेतमावशींनी उशी उचलली आणि कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मालकीणपण विसरून त्या तिथेच रस्त्यावर उकिडव्या बसल्या. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "ही माझीच. मी नवीन होते तेव्हाची. हा बघा, कोपरा वाकडा आलाय. तेव्हा मला वळवता यायचा नाही." त्यांनी शिंप्याकडे पाहिलं. "एवढी वर्षं वाकड्या कोपऱ्यावर बसलात आणि काही बोलला नाहीत?"

"मला कुठे कळलं, बाई. मला ती बरीच वाटत आली."

वेतमावशींनी तो वाकडा कोपरा पदराने पुसला.

"चला, चला, थांबायचं नाही," पोलीस म्हणाला. मग शिंप्याने आपली खुर्ची डोक्यावर घेतली आणि तोही निघाला. ते बघून समोरच्या गॅलरीतून कुणीतरी विचारलं, "कुठे नेताय?" "विणायला!" शिंपी ओरडला. तिथून पुढे काय झालं ते बैठकरावांना नीटसं सांगता येत नाही. दारं उघडू लागली. दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंनी पेशंटांची खुर्ची पाठवली. दोघी बहिणी एकच खुर्ची दोन्ही बाजूंनी धरून आल्या आणि वाटभर ती कुणाच्या वाटणीची यावर भांडत होत्या. न्हावी दुकान बंद करून आला. थांबायची बंदी असल्यामुळे माणसं वाढत गेली आणि मिरवणूक चालत राहिली. इतकी नियमात बसणारी मिरवणूक मिळाल्याने पोलीसही खूश होऊन पुढे वाट मोकळी करत होता. थांबायला हक्काची जागा एकच होती. सगळे कारखान्याच्या अंगणात शिरले, खुर्च्या टेकवल्या आणि एकदाचे मनसोक्त बसले.

वेतमावशींनी वेताच्या जुड्या बाहेर मागवल्या. बैठकराव एकेक खुर्ची तपासत फिरू लागले. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बसून बघत, कान लावून ऐकत आणि सुताराला खूण करत ते एका वयस्कर बाईंपाशी आले. बाई खुर्चीशेजारी उभ्या होत्या. खुर्चीचा वेत एका अंगाला खोल गेला होता.

"ही विणायची नाहीये," बाई म्हणाल्या. "आमचे हे खिडकीच्या उजेडाला वाचत बसायचे, एका बाजूला कलून. ते तसंच राहू दे. फक्त टिकेल का, तेवढं बघा."

बैठकरावांनी बसण्यासाठी खुर्ची फिरवली, आणि ती पुन्हा होती तशी ठेवली. ते खाली गुडघ्यांवर बसले. चारही पाय, हात, पाठ, एकेक सांधा त्यांनी हाताने दाबून पाहिला. "हिच्यावर बसणार कोण?"

"कुणी नाही. मी समोर बसते."

"मग टिकेल," ते म्हणाले. "तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल."

सिनेमाचं काय झालं, ते इथेच सांगून टाकलेलं बरं. शूटिंगवाल्याने तो जोडला, पण शेवटी लग्नाचाच झाला. सुतार हसतोय, पॉलिशवाला झोकात बसलाय, मागे सनई. वेतमावशींची भाषणं सनईत बुडाली, म्हणून त्या अजून त्याच्याशी बोलत नाहीत. बघितला तो बहुतेक ज्याच्या त्याच्या नातेवाइकांनीच. बैठकरावांनी तो घरी बायकोच्या फोनवर पाहिला. नायक म्हणून ते कुठेच नव्हते. पण एके ठिकाणी एक माणूस गुडघ्यांवर बसून खुर्चीचा पाय दाबून बघताना दिसला, आणि शूटिंगवाल्याने त्याच्या डोक्याभोवती हौसेने लाल बदाम उडवले होते. "काढायला सांगतो ते बदाम," बैठकराव ओशाळून म्हणाले. "काही काढू नका," बायको म्हणाली आणि तिने तेवढाच भाग पुन्हा लावला.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी अंगणात गलका ऐकून ताई जिन्यावरून धावत खाली आल्या. त्यांना वाटलं, मोर्चा आलाय. शेवटच्या पायरीवर त्या थबकल्या.

"हे सगळे कोण?" त्यांनी बैठकरावांना विचारलं.

"आपली गिऱ्हाइकं, ताई."

"आपली गिऱ्हाइकं परत येत नाहीत."

"आज आली. त्यांना बैठका विणून हव्यात. त्या दोघी बहिणींना तर दुसरी नवी खुर्चीच हवीय, नाहीतर त्या घरी जायला तयार नाहीत."

ताई अंगणात उतरल्या. शिंप्याने त्यांना त्यांच्या वडिलांची कसलीशी आठवण सांगायला घेतली. वेतमावशी वाकडा कोपरा उसवत होत्या आणि आसपासच्या बायकांना तो अभिमानाने दाखवत होत्या. डॉक्टरीणबाईंचा निरोप्या विचारत होता की पेशंट उभे आहेत, खुर्ची कधी मिळेल? एवढ्यात ताईंचा फोन वाजला. गोदामवाला होता. गडबडीत त्यांचा हात चुकीच्या ठिकाणी लागला आणि त्याचा आवाज सगळ्या अंगणाला ऐकू आला.

"मग ताई, काय ठरलं? जागा रिकामी कधी होतेय?"

अंगणातल्या सगळ्या माना एकदम वळल्या. ताईंनी फोन तोंडाशी धरला आणि चहूकडे पाहिलं. भिंतीपासून फाटकापर्यंत माणसं बसली होती, रेलून, कलून, मांडी घालून. ताईंच्या स्वतःच्या कारखान्यात त्यांना टेकायला एक खुर्ची उरली नव्हती.

"काही सांगता येत नाही हो," ताई म्हणाल्या. "सगळे आत्ताच कुठे बसलेत."